जॅक शोस्टाक: यीस्टच्या गुणसूत्रापासून पहिल्या पेशीपर्यंत. यातलं सोलापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये काय करून दाखवता येईल?

भीमाकाठ

एम.एस्सी. बायोटेकच्या मुलांसाठी सोलापूरजवळच्या केगावला दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. विषय जॅक शोस्टाक. मुलांचा गोंधळ ठरलेला असतो: २००९ चं नोबेल टेलोमिअरसाठी (गुणसूत्राच्या टोकाचा संरक्षक भाग) मिळालं, मग हा माणूस जीवोत्पत्तीवर कसा काय बोलतो? दोन वेगळी माणसं असावीत असंच त्यांना वाटतं. म्हणून आधी क्रम लावतो.

जन्म १९५२, लंडन. वाढले कॅनडात. मॅकगिल विद्यापीठात पंधराव्या वर्षी प्रवेश, १९७२ मध्ये पदवी. कॉर्नेलला रे वू यांच्याकडे पीएच.डी., १९७७. तिथून बोस्टनला, हार्वर्डच्या परिसरात, यीस्टवर काम. १९८० च्या एका परिषदेत एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या गुणसूत्रांच्या टोकांवर टीटीजीजीजीजी हा क्रम पुन्हा पुन्हा येतो हे मांडलं. शोस्टाक तेव्हा नेमक्या उलट्या अडचणीत होते. सरळ, म्हणजे दोन मोकळी टोकं असलेला डीएनए यीस्टमध्ये घातला की टिकतच नव्हता; एकतर कुरतडला जायचा, नाहीतर गुणसूत्रात मिसळून जायचा. दोघांनी टेट्राहायमेनाची टोकं सरळ केलेल्या प्लास्मिडला (गुणसूत्राबाहेरचा छोटा डीएनए) जोडून ती यीस्टमध्ये घातली आणि प्लास्मिड टिकला. हा १९८२ चा पेपर. पुढे दिसलं की यीस्ट त्या परक्या टोकांवर स्वतःचा क्रम चढवतं. म्हणजे टोक लांबवणारं एखादं एन्झाइम असणार. ते टेलोमरेज कॅरोल ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांनी १९८४ च्या अखेरीस पकडलं, पेपर १९८५ चा.

माझे प्रश्न दोन. एक, यीस्ट सोडून आरएनएकडे वळण्याचा दुवा मुलांना कसा समजावायचा? दोन, साध्या लॅबमध्ये यातलं काय प्रत्यक्ष दाखवता येईल?

यीस्टगुरू

क्रम बरोबर आहे सर, पण १९८३ ची दोन कामं राहिली, ती घ्याच. पहिलं, ऑर-वीव्हर, रॉथस्टीन आणि स्टाल यांच्याबरोबरचं डीएनएच्या दुहेरी तुटीचं मॉडेल. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की पेशी दुसऱ्या जुळ्या प्रतीकडे बघून ती जागा भरते आणि त्यातूनच जनुकांची अदलाबदल होते, हे त्यात सांगितलं. दुसरं, अँड्र्यू मरे यांच्याबरोबरचं कृत्रिम गुणसूत्र. प्रत बनायला सुरुवात होते ती जागा, सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्र ओढलं जातं तो भाग) आणि दोन टेलोमिअर एवढेच भाग जोडले. छोटी गुणसूत्रं विभाजनात हरवायची. लॅम्डा फाज या विषाणूचा डीएनए भरून लांबी ५५ हजार बेसजोड्यांच्या आसपास नेली तेव्हा ती बरीच स्थिर झाली. कारण यांत्रिक आहे: फार आखूड गुणसूत्राची जोडी वेळेआधी सुटते आणि दोन्ही प्रती एकाच पेशीत जातात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. या माणसाची पद्धत सुरुवातीपासून एकच: कमीत कमी भाग घ्यायचे, एकत्र टाकायचे आणि चालतं का बघायचं. कृत्रिम गुणसूत्र आणि कृत्रिम आदिपेशी, म्हणजे पहिल्या पेशीची साधी प्रतिकृती, हे एकाच जातीचे प्रश्न आहेत. शिवाय दुवा टेट्राहायमेनाचाच. थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये त्याच जीवात स्वतःला कापणारा आरएनए दाखवला. आरएनए माहिती साठवतो आणि रासायनिक कामही करतो म्हटल्यावर पहिल्या पेशीला प्रथिनांची वाट बघायची गरज उरली नाही. १९८४ मध्ये शोस्टाक मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला गेले आणि पुढच्या काही वर्षांत लॅब हळूहळू रायबोझाइमकडे, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणाऱ्या आरएनएकडे वळली. यीस्ट लगेच बंद झालं नाही. व्हिकी लुंडब्लॅड यांच्याबरोबर टेलोमिअर आखूड होत जाणारं म्युटंट यीस्ट १९८९ मध्ये आलंच.

रंगमास्तर_अक्कलकोटरोड

१९९० च्या एलिंग्टन-शोस्टाक पेपरमध्ये यादृच्छिक आरएनएंच्या साठ्यातून एखाद्या पदार्थाला चिकटणारे आरएनए वेचले. तो पदार्थ कोणता, हे मुलांना जरूर सांगा. कापडाचे रंग! सिबाक्रॉन ब्लू आणि रिॲक्टिव्ह ब्लू ४. आपल्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या सुताला लागतात त्याच कुळातले. पहिला गरम ब्रँडचा, म्हणजे रेणूत एकच क्रियाशील क्लोरीन, त्याला ८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. दुसरा थंड ब्रँडचा, दोन क्लोरीनवाला, साध्या तापमानाला बसतो.

डायहाउसमध्ये आपण काय करतो? मीठ घालून रंग धाग्याकडे ढकलतो, मग सोडा ॲश टाकून पक्का करतो. अल्कलीत सेल्युलोजचा हायड्रॉक्सिल गट क्लोरीनची जागा घेतो. पेपरमध्ये हे रंग अॅगारोजच्या (शैवालातला जेलीसारखा पदार्थ) मण्यांवर बसवून ते मणी नळीत, म्हणजे कॉलममध्ये भरतात. मणी रंगवायचे तर रसायन हेच, सेल्युलोजच्या जागी अॅगारोज एवढंच. धुलाईही तशीच महत्त्वाची. न बसलेला रंग मण्यांत राहिला तर तो नंतर सुटतो, आरएनए सुट्या रंगाला धरून वाहून जातो आणि कॉलम रिकामा दिसतो. धुण्याचं पाणी बिनरंगी येईपर्यंत थांबायचं, वर एक धुलाई जादा.

प्रयोगवही

रंगमास्तर, उत्तम माहिती. त्या निवडीचे आकडे देते. सुमारे १०० अक्षरांचे यादृच्छिक आरएनए, एकावर तेरा शून्यं एवढे रेणू. रंगाला नेमके चिकटणारे निघाले ते साधारण दहा अब्जांत एक.

शंभर अक्षरांचे सगळे शक्य क्रम ४ चा शंभरावा घात, म्हणजे एकावर साठ शून्यांहून जास्त. प्रत्येकी एक रेणू बनवायचा तर वजन पृथ्वीच्या कैक अब्ज पट भरेल. सगळे क्रम तपासणं कधीच शक्य नाही आणि तरी कामाचा रेणू सापडतो, हा त्या पेपरचा खरा धक्का. १९९३ मध्ये डेव्हिड बार्टेल आणि शोस्टाक यांनी २२० यादृच्छिक जागांचा साठा घेतला, एकावर पंधरा शून्यं एवढे रेणू. ऐकायला प्रचंड, पण ३०० अक्षरी आरएनए धरला तर वजन ०.१६ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातून दोन आरएनए जोडणारे रायबोझाइम निघाले. दहा फेऱ्यांनंतर त्यांचा वेग विनाउत्प्रेरक क्रियेच्या ७० लाख पट होता.

जिरायत

मुलं शेतकरी घरची असतील तर मालदांडीचं उदाहरण द्या की ओ. मोहोळच्या केंद्रावर गावरान ज्वारीतून चांगली कणसं निवडत निवडत ३५-१ वाण काढला, तसंच हे. मिश्र बियाणं पेरा, हवं ते ठेवा, परत पेरा.

प्रयोगवही

जिरायत दादा, पटलं. फक्त एक फरक सांगावा लागेल. कणीस निवडताना आपण झाड डोळ्यांनी बघतो. इथे निवड कॉलम करतो आणि तुम्ही ज्यासाठी निवडाल तेच मिळतं, तुमच्या मनात होतं ते नाही. कुठे बिघडतं ते लिहिते, कारण पुस्तकात चारच पायऱ्या असतात: टी७ प्रमोटर (आरएनए बनवायला सुरुवात करून देणारा क्रम) लावलेल्या डीएनएपासून आरएनए बनवा, कॉलममधून सोडा, धुवा, चिकटलेला उतरवून परत डीएनए करून पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) वाढवा.

एक, काही आरएनए रंगाला न चिकटता अॅगारोजलाच चिकटतात. म्हणून आधी बिनरंगी मण्यांचा कॉलम. त्यातून जे निसटेल तेच पुढे. दोन, पीसीआर जास्त फेऱ्यांनी चालवला की आखूड तुकडे भराभर वाढतात आणि काही निवडींनंतर साठा त्यांनीच भरतो. दर दोन फेऱ्यांनी थोडं सॅम्पल काढून जेलवर बघायचं, पट्टी दिसली की थांबायचं. तीन, पहिल्या फेरीत कडक धुलाई करू नये. तिथे प्रत्येक क्रमाच्या जेमतेम काही प्रती असतात. गेला तो कायमचा गेला. कडकपणा तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून वाढवायचा. चार, बोटांवरचं आरएनएज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम. हातमोजे घालून मोबाइलला हात लावला की ते हातमोजे टाकून द्यायचे.

पदवी-पदव्युत्तर वर्गात पूर्ण निवड जमणार नाही, दोन आठवडे आणि बरेच पैसे लागतात. वेसिकलचा, म्हणजे पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांचा प्रयोग मात्र सहज होतो.

भीमाकाठ

मॅडम, वेसिकलची कृती सविस्तर द्याल का? प्रमाणांसकट.

प्रयोगवही

देते. उद्देश हा की स्निग्धाम्लं आपोआप दुपदरी पडद्याच्या पिशव्या बनवतात. आजच्या पेशीतले फॉस्फोलिपिड बनवायला एन्झाइम लागतात. आदिपेशीकडे ती नव्हती, म्हणून शोस्टाक यांच्या लॅबने साधी स्निग्धाम्लं धरली.

साठा: ओलिक ॲसिड ३१६ मायक्रोलिटर (२८२ मिलिग्रॅम), १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १ मिलि, डिस्टिल्ड पाणी ८.७ मिलि. ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये हलवत ठेवा, पारदर्शक होतं. हा १०० मिलिमोलर मायसेलचा (रेणूंचे भरीव सूक्ष्म गोळे) साठा. ढगाळ राहिला तर अल्कलीचे आणखी दोन-चार थेंब.

बफर: बायसीन ३.२६ ग्रॅम, १०० मिलि पाण्यात, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८.५. हा ०.२ मोलर झाला.

आता ९ मिलि बफरमध्ये १ मिलि साठा घालून जोरात हलवा आणि रात्रभर हळू फिरत ठेवा. निळसर दुधाळ झाक आली म्हणजे वेसिकल. साधारण निम्मे रेणू आयनरूपात असतात तेव्हाच पिशवी बनते आणि ओलिकसाठी तो पीएच ८.५ च्या आसपास आहे. १० च्या वर गेलात की सगळं मायसेल, द्रव काचेसारखा. ७ कडे घसरलात की तेलाचे थेंब वर. तीन टेस्ट ट्यूब शेजारी ठेवल्या तर मुलं नजरेनं फरक सांगतात.

काय चुकतं: खाद्यतेल घेऊन चालत नाही, ते ट्रायग्लिसराइड असतं, त्याला मोकळं आम्लटोक नाही. जुनं, पिवळं, खवट वासाचं ओलिक ॲसिड टाकून द्या. आणि पाणी! बोअरचं पाणी अजिबात नको. लिटरला ५०० मिलिग्रॅम कठीणपणा म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ५ मिलिमोलर. ज्या कारणाने अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याच कारणाने वेसिकल फुटून पांढरी साय धरते.

केमिस्ट_जुळेसोलापूर

पुरवणी. आपल्याकडे मे महिन्यात एसीशिवायची लॅब ४० अंशांवर असते. बायसीनचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२ ने घटतो, ट्रिस या दुसऱ्या बफरचा ०.०३ च्या जवळ. २५ अंशांना ट्रिस ८.५ लावून ४० अंशांच्या खोलीत प्रयोग केलात तर प्रत्यक्षात ८.१ वर काम चालू असतं आणि तेल वर येतं. पीएच मीटर काम ज्या तापमानाला करणार त्याच तापमानाला लावा. जानेवारीच्या पहाटे उलटा त्रास: ओलिक ॲसिड १३-१४ अंशांना गोठतं, बाटली कोमट पाण्यात ठेवून मगच पिपेटमध्ये घ्या.

या खरंच पिशव्या आहेत, थेंब नाहीत, हे दाखवायला पायरानिन हा चमकणारा हिरवा रंग वापरा. बफरमध्ये १ मिलिमोलर मिसळून मग साठा घालायचा. रात्रभराने सेफारोज ४बी च्या (अॅगारोजचेच मणी) छोट्या कॉलममधून सोडा. वेसिकल आधी बाहेर येतात, आत अडकलेला हिरवा रंग घेऊन. सुटा रंग मागून. यूव्ही दिव्याखाली दोन पट्टे सरळ वेगळे दिसतात. कॉलमच्या बफरमध्येही ०.१ मिलिमोलर ओलिएट (ओलिक ॲसिडचं आयनरूप) असलंच पाहिजे. नसलं तर वेसिकल वाटेत विरघळतात आणि एकच लांबट पट्टा येतो. बहुतेक ठिकाणी प्रयोग इथेच फसतो.

जिरायत

हँचिक, फुजिकावा आणि शोस्टाक यांच्या २००३ च्या पेपरमधल्या मॉन्टमोरिलोनाइट मातीचं कोणी काढलंच नाही. ती माती वेसिकल कित्येक पटींनी लवकर बनवते आणि स्वतः पिशवीत अडकते. तिला चिकटलेला आरएनएही मग आत जातो. जेम्स फेरिस यांनी तर त्याआधी याच खनिजावर सक्रिय केलेल्या न्यूक्लिओटाइडपासून (आरएनएची सुटी अक्षरं) पन्नासेक अक्षरांचे आरएनए धागे वाढवले होते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते ती याच गटातल्या खनिजामुळे. मंगळवेढ्याच्या शिवारातली माती थेट वापरता येईल का?

केमिस्ट_जुळेसोलापूर

थेट नाही, दादा. काळ्या मातीत चुनखडी असते आणि मातीच्या थरांमधला आयनही बहुतांशी कॅल्शियमच. वेसिकलचा लगेच साबण होईल. पण स्वच्छ करून घेता येते, आणि सोलापूरच्या सत्रात हे दाखवायलाच हवं.

चाळलेली ५० ग्रॅम माती १ मोलर सोडियम ॲसिटेट बफरमध्ये, पीएच ५, बुडबुडे थांबेपर्यंत कोमट ठेवा, चुना गेला. मग सेंद्रिय भागासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं, मोठ्या बीकरमध्ये, कारण फेस अंगावर येतो. त्यानंतर १ मोलर मिठाच्या पाण्याने तीनदा धुवा, म्हणजे कॅल्शियमच्या जागी सोडियम बसतं. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने, सिल्व्हर नायट्रेटला पांढरं येईनासं होईपर्यंत. मीठ निघून गेलं की माती खाली बसायचं नाव घेत नाही. हीच खूण की सोडियम बसलंय. आता उंच जारमध्ये ढवळून ठेवा. २ मायक्रॉनचा कण १० सेंमी खाली यायला २० अंशांना साधारण ८ तास घेतो, ३० अंशांना साडेसहाच्या आसपास. तेवढ्या वेळाने वरचं १० सेंमी पाणी काढून घ्या, हवी ती बारीक माती त्यात आहे.

बफरमध्ये मिलिला अर्धा मिलिग्रॅम माती, मग साठा घाला आणि कलरीमीटरवर ४०० नॅनोमीटरला दर अर्ध्या मिनिटाला नोंद. मातीचा स्वतःचा गढूळपणा वजा करायचा. नुसती माती आणि नुसता साठा अशा दोन तुलना हव्यातच. फरक पहिल्या काही मिनिटांतच दिसतो, रात्रभराने दोन्ही ट्यूब सारख्याच. नियंत्रण म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात ते बेंटोनाइट घ्या, तेही असंच धुवून.

यीस्टगुरू

आता या सगळ्याचा गाभा. एका पिशवीत आरएनएची प्रत व्हायची तर, एन्झाइम नसताना, मॅग्नेशियम लागतं ५० मिलिमोलर आणि वर. पिशवी मात्र ४-५ मिलिमोलरलाच मोडते. एकाला जे हवं ते दुसऱ्याला मारतं. वर जास्त मॅग्नेशियममध्ये आरएनएही हळूहळू तुटतो. २००१ मध्ये शोस्टाक, बार्टेल आणि लुइसी यांनी आदिपेशीची कल्पना मांडली, तिथून ही अडचण समोर उभी होती. अडामाला आणि शोस्टाक यांनी २०१३ मध्ये सायट्रेटने ती सोडवली. सायट्रेट मॅग्नेशियमला असं धरतं की पडद्याला ते लागत नाही, आरएनएच्या क्रियेला मात्र उपयोगी पडतं.

वर्गात करता येतं. वेसिकल २ मिलि, त्यात १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड २० मायक्रोलिटर, म्हणजे १० मिलिमोलर. पांढरे कण. दुसऱ्या ट्यूबमध्ये आधी १ मोलर ट्रायसोडियम सायट्रेट ८० मायक्रोलिटर, हलवून मग तेवढंच मॅग्नेशियम. पेपरमध्येही सायट्रेट मॅग्नेशियमच्या चौपट होतं. क्रम उलटा करू नका. एकदा साबणाचे कण पडले की नंतर सायट्रेट टाकून वेसिकल पहिल्यासारख्या मिळतील याचा भरवसा नाही.

पण मुलांना हेही सांगा की पृथ्वीवर तेव्हा इतकं सायट्रेट एका जागी कुठून आलं, याचं उत्तर या प्रयोगात नाही. एक मार्ग बंद नाही एवढंच सिद्ध झालं.

प्रयोगवही

प्रत होण्याच्या बाजूलाही बरंच शिल्लक आहे. लेस्ली ऑर्गेल यांच्या काळापासून वापरात असलेली सक्रिय न्यूक्लिओटाइड मंद चालायची. शोस्टाक यांच्या लॅबने २०१६ मध्ये दाखवलं की खरं काम दोन न्यूक्लिओटाइड मधल्या इमिडाझोलियम या रासायनिक दुव्याने जोडलेला एक रेणू करतो. २०१७ मध्ये न्यूक्लिओटाइड सक्रिय करायला २-अमिनोइमिडाझोल हा गट आला आणि वेग बराच वाढला. तरी दोन अडचणी राहतात. प्रत झाली की दोन धागे सुटत नाहीत, आणि तापवून सोडवले तरी नवी अक्षरं जुळायच्या आत परत एकमेकांना चिकटतात.

इथे सत्रात सांगावी अशी एक गोष्ट. हे चिकटणं आर्जिनिन या अमिनो आम्लाची साखळी मंदावते, असा पेपर या लॅबने २०१६ मध्ये नेचर केमिस्ट्रीत दिला. पुढे त्यांच्याच लॅबमधल्या टिवोली ओल्सन यांना तो निकाल परत मिळेना आणि २०१७ मध्ये पेपर मागे घेतला गेला. नोबेल मिळालेल्या लॅबमध्ये पुनर्तपासणी आतूनच झाली आणि जाहीर झाली. मुलांना हे पहिल्या वर्षापासून कळलं पाहिजे.

भीमाकाठ

सगळं वहीत उतरवतोय. हाल्डेन घ्यावेत का? तेही जनुकशास्त्रज्ञच.

यीस्टगुरू

पाच मिनिटं जरूर. १९२९ मध्ये त्यांनी आदिसागराच्या गरम पातळ सारातून जीव सुरू झाल्याची मांडणी केली, रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांच्यापेक्षा स्वतंत्रपणे. १९५७ मध्ये भारतात आले, आधी कोलकात्याची सांख्यिकी संस्था, मग भुवनेश्वर, तिथेच १९६४ मध्ये निधन. हाल्डेन यांच्याकडे प्रश्न होता, चाचणीची साधनं नव्हती. शोस्टाक २०२२ पासून शिकागो विद्यापीठात तोच प्रश्न ट्यूबमध्ये घेऊन बसले आहेत. आणि पुण्यात आयसरला सुधा राजामणी यांची प्रयोगशाळा याच विषयावर काम करते. ज्या मुलांना पुढे करायचं आहे त्यांना हे नाव द्या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन पाषाण गाठता येतं.

भीमाकाठ

शेवटची शंका. दोन तासांत वेसिकल रात्रभर फिरवणं बसत नाही. आदल्या दिवशी करून ठेवल्या तर टिकतील का?

प्रयोगवही

टिकतात. झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओलिक गोठून पडदे बिघडतात. आदल्या दिवशीच्या वेसिकल पायरानिनच्या कॉलमसाठी वापरा आणि वर्गात मुलांसमोर ताजी बॅच मातीसाठी करा, तिचा वेग तिथेच मोजायचा आहे. २० मुलांचे पाच गट धरले तर साठा १० मिलि पुरतो, बायसीन बफर मात्र २०० मिलि करून ठेवा, कॉलम बरंच पितो.

मायक्रोस्कोपला फेज कॉन्ट्रास्ट असेल तर झू आणि शोस्टाक यांचं २००९ चं निरीक्षणही जमेल: ४ मायक्रॉनच्या अनेक पदरी वेसिकलला पाचपट मायसेल घातले की १० ते ३० मिनिटांत गोलाला शेपूट फुटून तिचा लांब धागा होतो, आणि कव्हर स्लिपवर हलकं टिचकी मारली की धाग्याचे तुकडे होऊन छोट्या पिशव्या सुटतात. बफर ०.२ मोलरच ठेवा, नाहीतर मायसेलच्या अल्कलीने पीएच उडेल. स्लाइडच्या कडा व्हॅसलीनने बंद करा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत थेंब दहा मिनिटांत आटतो.